अक्का, तू टीव्हीचा आवाज बंद करायला लावलास

अक्का, तुझी बातमी आली पेपरात. आतल्या पानावर, बोटभर. तुझं नाव 'पंकजम' छापलंय आणि तू 'कॉल सेंटरमध्ये नोकरीला होतीस' असं लिहिलंय. वाचून आधी मला हसूच आलं. तू असतीस तर हातातली कॉफी संपायच्या आत पेपरच्या ऑफिसात फोन लावला असतास. "पंकजम नव्हे, पंकजाबाई. कॉल सेंटर नव्हे, ॲम्ब्युलन्सची कंट्रोल रूम. उद्या नीट करून छापा, फोटोसकट." फोटोसकट हे तू नक्की म्हणाली असतीस. मग तो फोन आता कोणीच करणार नाही हे लक्षात आलं आणि पेपर तसाच मांडीवर ठेवून मी रडत बसले.

तुझ्या तेराव्याला लोक काहीबाही बोलत होते. कोणी म्हणालं, बाईंना प्रसिद्धीची अजिबात आवड नव्हती. मी हसू दाबलं. तुझ्या मुलीनं माझ्याकडे बघितलं आणि तिलाही हसू आवरेना. प्रसिद्धीची आवड नव्हती म्हणे! पहिल्यांदा तुझा फोटो तमिळ पेपरात आला तेव्हा तू कोपऱ्यावरच्या दुकानातले होते तेवढे सगळे अंक उचलून आणलेस. आमच्या प्रत्येकीच्या टेबलावर एक ठेवलास. फोटोत तुझी हनुवटी दोन दिसतायत म्हणून फोटोग्राफरला शिव्याही घातल्यास. तुला लोकांनी ओळखायला हवं होतं आणि ते तू कधी लपवलं नाहीस. मी तुझ्यापुढे नतमस्तक आहे ती साधेपणासाठी नाही, अक्का. साधी माणसं मी खूप बघितली आहेत. तुझं वेगळंच होतं.

मी कराडची. नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून तांबरमला आले, तेव्हा तमिळचं एक अक्षर मला येत नव्हतं. दोन-तीन वर्षं भाजीवाल्याशी बोटांनी बोलून काढली. शहरात ॲम्ब्युलन्सची नवी सेवा सुरू झाली, आणि उत्तरेकडून आलेले कामगार हिंदीत फोन करतात म्हणून हिंदी येणारी बाई त्यांना हवी होती. मला घेतलं, आणि तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. मी नाव सांगितलं तशी तू कानावरचा हेडफोन बाजूला केलास.

"मराठी अहेस? मी बी मराठीच. तंजावूरची. ये, बस."

मी बघतच राहिले. इतक्या पिढ्यांपूर्वी तंजावरात येऊन राहिलेल्या घरातली तू. मराठी तुझी घरातली, चाल तमिळ, आणि शब्द असे की कोणी जुनी पोथी उघडून वाचतंय. तू 'कुठे' म्हणत नव्हतीस, 'कोठे' म्हणायचीस. 'हो' म्हणत नव्हतीस, 'होंव' म्हणायचीस. कुणाची मराठी खरी यावरून आपलं रोज वाजायचं. "तुझी नवी अहे, विद्या मा. माझी राजाची अहे," असं म्हणून तू माझ्या डब्यातला ठेचा तुझ्या दहीभातावर ओतून घ्यायचीस. ते भांडण काही मिटलं नाही.

काम तूच शिकवलंस. फोन आला की आधी विचारायचं, कोठे आहात. काय झालं ते नंतर. माणूस आधी काय झालं तेच सांगतो, रडत रडत, आणि तेवढ्यात फोन कटला की आपल्याकडे दुःख उरतं, पत्ता उरत नाही, असं तू म्हणायचीस. गाडी पाठवायची, आणि ती पोचेपर्यंत त्या माणसाला सोडायचं नाही. हे झालं खऱ्या फोनांचं. बाकीचे फोन कसले असायचे ते तुला माहीत आहे. बाईचा आवाज ऐकायला फोन करणारे, मुकाट श्वास घेणारे, सिनेमाची तिकिटं मागणारे. गाडीला जरा उशीर झाला की आईबहिणीवरून शिव्या. एकदा मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. तू दाराबाहेरून म्हणालीस, "त्यांना वाटते इथं मशीन अहे. मनुष्य अहे म्हणून कळलं की अर्धे तरी गप्प बसतील."

लोकांना हे कळायला लागलं तो दिवस मला आठवतो.

सकाळची शिफ्ट होती. फोन तुझ्या टेबलावर आला. पलीकडचा मुलगा तुटक्या हिंदीत, मलाही ऐकू येईल असा ओरडत होता, कंपनीची बस उलटली, माणसं आत अडकलीत. तू हिंदीत चाचपडत होतीस आणि मी हात पुढे करून म्हणत होते, मला दे, मला दे. तेवढ्यात तो कळवळून म्हणाला, "आई गं!" तुझा चेहरा बदलला. मला हातानंच थांबवलंस आणि अगदी सावकाश म्हणालीस, "भिऊ नकोस रे. मी मराठीच अहे. कोठे अहास तू?"

मग तो हमसून हमसून रडायला लागला. सातारकडचा होता, श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला एका कारखान्यात नुकताच लागलेला. तांबरमहून बसमध्ये बसला की डोळे मिटायचा तो गेटावरच उघडायचा. आपण कुठे आहोत याचा त्याला पत्ताच नव्हता. रस्ता ओळखू येईना, बसमधली शुद्धीवर असलेली माणसं तमिळ, त्याला ती कळेना.

"आजूबाजूस दुकान अहे काय? त्याची पाटी बघ. सगळ्यांत खालची ओळ. तेथे गावाचं नाव असते."

"मला वाचता येत नाही हो! सगळं तमिळमध्ये आहे."

"वाचू नकोस. कसं दिसते ते सांग. पहिलं अक्षर."

मी माझा फोन सोडून तुझ्याकडे बघत होते. पलीकडून तो सांगत होता आणि तू त्याचे शब्द मोठ्यानं पुन्हा म्हणत होतीस. "वरून उघडा डबा. सरि. मग? इंग्रजी एल. सरि. मग परत डबा, डोक्यावर टिंब. होंव. मग वेटोळं, आणि परत डबा." तुझं वाक्य पुरं होईपर्यंत तुझ्या दुसऱ्या हातानं गाडीला कळवायचं बटण दाबलं होतं. "पडप्पै," तू म्हणालीस. "पडप्पैत अहास तू, बाळा. गाडी निघाली."

मग तू त्याला बसमध्ये परत पाठवलंस. शेजारच्या सीटवरच्या माणसाच्या मांडीतून रक्त वाहत होतं. तू त्याला सांगितलंस, अंगातला शर्ट काढ, घडी कर, जखमेवर धर आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाक. शर्ट उचलून बघायचं नाही, कितीही वाटलं तरी. त्या माणसाला तमिळशिवाय काही येत नव्हतं, आणि ह्याला तमिळ येत नव्हतं. मोबाइलचा स्पीकर चालू करून दोघांच्या मध्ये ठेवायला सांगितलंस. एकदा मराठीत बोलायचीस, एकदा तमिळमध्ये. दाबून धर रे. डोळे मिटू नका हो. त्याच टेबलावर बसून तू त्या दोघांना एकमेकांशी बोलायला लावलंस. मी त्यानंतर पुष्कळ फोन घेतले, पण तसं काही पुन्हा ऐकलं नाही. गाडी पोचल्याचं कळलं तेव्हा तू हेडफोन काढलास, पाणी प्यायलीस आणि मला म्हणालीस, "बघितलीस काय राजाची मराठी?"

तो माणूस वाचला. सातारचा मुलगा पेढे घेऊन आला, त्याच्या पाठोपाठ पेपरवाले आले, आणि मग टीव्हीवाले.

चॅनलनं तुला सकाळच्या कार्यक्रमात बोलावलं. थेट प्रक्षेपण, आणि प्रेक्षकांनी फोन करून तुझ्याशी बोलायचं. तू आंब्याच्या रंगाची कांजीवरम नेसलीस, केसांत मोगऱ्याचा हातभर गजरा. आम्ही कंट्रोल रूममध्ये भिंतीवरच्या टीव्हीसमोर, एक कान हेडफोनला आणि एक तुझ्याकडे. काय बोललीस तू! निवेदिकेनं विचारलं, "तुम्हाला हीरोइन झाल्यासारखं वाटतं का?" तू म्हणालीस, "वाटते. पण आमच्या खोलीत अशा पुष्कळ हीरोइनी आहेत, त्यांना लोक फोनवर शिव्या देतात." आणि कॅमेऱ्याकडे बघून आमची एकेकीची नावं घेतलीस. माझंही घेतलंस. मराठी आडनाव तमिळ निवेदिकेला उच्चारता येईना, तर तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलंस.

मग फोन सुरू झाले. कोणी आशीर्वाद दिले, कोणी गाणं म्हटलं. एका आजोबांचा फोन लागला. एग्मोर स्टेशनच्या मागे राहतो, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालो, नाव नटराजन. बोलायची मोठी हौस. बायको देवळात गेली आहे, ती आली की सांगणार मी टीव्हीवर बोललो, वगैरे. तुझं कौतुक करता करता त्यांचे शब्द जड झाले. एक शब्द अर्धाच राहिला. निवेदिका हसून म्हणाली, "सरांचा कंठ दाटून आला." स्टुडिओतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तू हात वर केलास. टाळ्या थांबल्या.

"सर, तुमचं नाव मला परत सांगा." तमिळमध्ये, अगदी रोजच्या आवाजात.

पलीकडून नुसता ओला, घरंगळणारा आवाज.

"दोन्ही हात वर उचला. दोन्ही आले वर?"

"ओ... ओन्नु," ते म्हणाले. एकच.

आमच्या खोलीत सगळ्यांना कळलं होतं. तू निवेदिकेकडे वळलीस. "आवाज बंद करा."

तिला समजेना. ती अजून हसतच होती.

"लोकांना ऐकू जातोय तो आवाज बंद करा. हे त्यांच्या घरातलं आहे."

आणि टीव्ही मुका झाला. चित्र मात्र चालू राहिलं, कारण ते बंद करायचं बहुधा कुणाला सुचलंच नाही. तुझे ओठ हलताना दिसत होते. कोणीतरी तुझ्या हातात फोनचा रिसीव्हर आणून दिला, आणि तू त्यांच्याकडून एकेका शब्दानं पत्ता काढलास. तू निवेदिकेच्या हातातला मोबाइल ओढून घेतलास, दुसऱ्या कानाला लावलास, आणि माझ्या हेडफोनमध्ये फोन वाजला.

"विद्या मा, मी. एग्मोर. स्टेशनच्या मागे, पिळ्ळैयार कोविल, गणपतीचं देऊळ, त्याच्या समोरचं घर, निळं दार. पक्षाघात वाटते. घरात एकटे. शुद्ध अहे."

मी गाडी पाठवत होते आणि समोर टीव्हीवर तूच मला दिसत होतीस. एक तू माझ्या कानात, एक तू भिंतीवर, आणि तुझ्या दुसऱ्या कानाशी तो म्हातारा माणूस. इतक्या झगमगाटात, गजरा घालून, तू आपल्या खोलीतल्या खुर्चीत बसावंस तशी बसली होतीस. कॅमेरा तुझ्या तोंडासमोर होता आणि तुला तो दिसत नव्हता. मग कधीतरी जाहिराती लागल्या. गाडी पोचली. दार आतून नुसतं लोटलेलं होतं.

नटराजन सर वाचले. उजवी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं, बोलणं हळूहळू परत येईल.

त्यानंतर आपलं खरं भांडण झालं, अक्का. चॅनलकडे तो सगळा फोन ध्वनिमुद्रित झालेला होता. त्यांना तो लावायचा होता. साहजिकच होतं. तू त्यांच्या ऑफिसात जाऊन नाही म्हणालीस. मी तुझ्यावर भडकले. डबा खाता खाता भडकले.

"अगं, ते ऐकलं तर लोकांना कळेल आपण काय करतो ते! तूच म्हणतेस ना, मनुष्य अहे म्हणून कळू दे? एकदा ऐकतील आणि जन्मात शिवी देणार नाहीत."

"माझं तोंड दाखवा म्हण दिवसभर. हार घाला, शाल घाला, मी कोठे नको म्हणते? मज आवडते. पण त्याची वाचा जाताना लोकांनी जेवता जेवता ऐकायचं, आणि मला टाळी मिळायची? तसली टाळी नको."

"मग त्यांना विचारू. त्यांची परवानगी घेऊ."

"ज्याला बोलता येत नाही त्याला विचारून होंव म्हणून घेणं सोपं अहे, विद्या मा. त्याला बोलू दे. नाही म्हणता येऊ दे त्याला. मग विचारू."

निवेदिकेनं तुला शब्द दिला की तोपर्यंत लावणार नाही. मला तेव्हा वाटलं, आणि अजूनही अधूनमधून वाटतं, की तू चुकलीस. त्या फितीनं आमचं पुष्कळ भलं झालं असतं. हे मी तुला दवाखान्यातही म्हणाले होते, आठवतं? पोटातलं दुखणं शेवटच्या टप्प्यावर कळलं होतं आणि तू उशीला टेकून बसली होतीस. दोघींनाही ठाऊक होतं की आता भांडायला फार दिवस नाहीत, म्हणून आपण भांडलो. तू म्हणालीस, "विचारलंस काय त्यांना?" मी म्हणाले, "तू बरी हो, दोघी मिळून जाऊ." तू डोळे मिटून हसलीस. तसं खोटं तू फोनवर कधीच कुणाशी बोलली नाहीस. गाडी येतेय एवढंच म्हणायचीस, आणि ती खरंच येत असायची.

तू गेल्यावर निवेदिकेचा फोन आला. तिला तुझ्यावर कार्यक्रम करायचा होता. ती मनापासून रडत होती. म्हणाली, नटराजन सर आता बोलू शकतात असं ऐकलं, तुम्ही विचाराल का? सीडी तिनं लिफाफ्यात घालून पाठवली. ती सीडी माझ्या पर्समध्ये होती, घरी प्लेअर होता, आणि ती ऐकावी असं माझ्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं. नवरा म्हणालाही, लाव की. मी लावली नाही. आधी ज्याचा आवाज आहे त्यानं ऐकावं. हे मला कुणी शिकवलं ते सांगायला नको.

काल एग्मोरला गेले. सरांच्या बायकोनं दार उघडलं. सर खुर्चीत बसले होते, काठी बाजूला. तू गेल्याचं त्यांना माहीत होतं. शब्द एकेक करून, पायऱ्या चढल्यासारखे बोलतात, पण बोलतात. मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये सगळं सांगितलं. चॅनल काय म्हणतं ते, माझं मत काय ते, तुझं काय होतं तेही. काही लपवलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी... मी ऐकतो. एकटा."

आम्ही दोघी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. पलीकडे गाड्या येत-जात होत्या. सरांची बायको मला सांगत राहिली, त्या दिवशी मी देवळात होते, देवळात होते. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. मग त्यांनी हाक मारली.

सर सीडी हातात घेऊन बसले होते. डोळे लाल झाले होते. "नको," म्हणाले.

मी विचारलं, "लाज वाटते म्हणून? तसं काही नसतं हो सर, लोक उलट..."

त्यांनी मान हलवली. "लाज नाही. मी कसा बोलत होतो... ते लोकांना ऐकू द्या. मला चालेल." मग बराच वेळ शब्द जुळवत राहिले. मी घाई केली नाही. "पण गाडी दारात आली तेव्हा... फोन ठेवायच्या आधी... ती मला एक बोलली. मला तेव्हा वाटलं होतं, स्वप्नात ऐकलं. ते खरं होतं." त्यांनी सीडी छातीशी धरली. "ते माझं आहे."

मी तिथूनच निवेदिकेला फोन करून नाही म्हणून सांगितलं. ती म्हणाली, बरं. सीडी मी त्यांच्याकडेच ठेवून आले.

अक्का, मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसून रोज तुझं बोलणं ऐकत होते. मला वाटायचं, तुझं सगळं मी ऐकलंय. तू त्यांना काय बोललीस ते मला माहीत नाही. त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.